बत्तिसाव्या घरची सुपारी

बर्कली, कॅलिफोर्निया
१५ ऑक्टोबर १९११

ती. जिजीच्या पायांवर धाकट्या भावाचा, इंदरचंदचा नमस्कार.

तुझं श्रावणातलं पत्र परवा मिळालं. "राजाच नाही तर त्या देशात हुकूम कुणाचा चालतो?" असं तू विचारलंयस. आईला वाचून दाखवताना हा भाग सावकाश वाच, कारण दीड वर्ष इथल्या कॉलेजात बसून मलाही तो आत्ता कुठे समजू लागलाय.

अमेरिका म्हणजे एक राज्य नव्हे. शेहेचाळीस राज्यांनी मिळून थाटलेलं ते एक घर आहे. सैन्य, टपाल, नाणं आणि परक्यांशी बोलणी एवढं वरच्या सरकारकडे, बाकी ज्याचं त्याच्या हाती. एका राज्यात जो गुन्हा, तो शेजारच्या राज्यात खुशाल करावा. आपल्या न्यातीचंच बघ ना. जुन्नरचे पंच जुन्नरपुरते, मंचरचे मंचरपुरते, आणि सगळ्या गावांची मिळून मोठी बैठक तीन वर्षांनी एकदा, तीही बहुतेक जेवणासाठी.

आता ताजी बातमी. गेल्या मंगळवारी या कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क द्यावा की नाही याचा कौल घेतला. कौल अर्थातच पुरुषांनी द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं, बायका हरल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या शहरी लोकांनी धडाधड "नको" म्हटलं होतं. मग दोन दिवस खेड्यापाड्यांचे आकडे येत राहिले आणि साडेतीन हजार मतांनी बायका जिंकल्या. शहाण्यांनी बुडवलं ते शेतकऱ्यांनी तारलं. अशी राज्यं आता सहा झाली.

शिवाय इथे माणसाचे काही हक्क घटनेतच लिहून ठेवलेत. बोलण्याचा, छापण्याचा, चार माणसं जमवण्याचा, आपापला धर्म पाळण्याचा. कितीही मोठं बहुमत आलं तरी ते हक्क पुसता येत नाहीत. बंद पाकीट तर सरकारसुद्धा न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय फोडू शकत नाही. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानेच उघडायचं. हे वाचलं त्या दिवशी माझा ऊर भरून आला, जिजी. माणूस म्हणून जगायचं तर असं.

माझी खोली फार हवेशीर आहे. शेजारी सज्जन आहेत. दूध, पाव, संत्री यांवर उत्तम चाललंय. कांदा-बटाट्याला अजून शिवलेलो नाही, हे आईला मुद्दाम सांग.

तुझा,
इंदर


जुन्नर
१ डिसेंबर १९११

चि. इंदर यास जिजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिला फक्त संत्री कळली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "हवेशीर म्हणतोय, म्हणजे खिडकीला फळी नसणार." तिसऱ्यांदा पदराने डोळे पुसत आत गेली.

मला एक शंका आहे, ती तुझ्या मास्तरांना विचार. समज, कॅलिफोर्नियातली एक मत मिळालेली बाई आगगाडीत बसली आणि शेजारच्या बिनमताच्या राज्यात उतरली. मग तिचं मत कुठे गेलं? सामानाच्या डब्यात राहिलं का? आणि परत येताना हद्दीवर कुणी ते तिच्या हातात देतं का? बाई तीच, डोकं तेच, मग गाडीने असं काय केलं?

आता इकडची बातमी. ही मी तीन पत्रांत तुझ्यापासून लपवली, रागावू नकोस. गेल्या चैत्रापासून आपल्या ओट्यावर मी मुलींचा वर्ग घेते. अकरा मुली आहेत. आपल्या मुख्य पंचांची, पारसमलजींची नात चंपा त्यात पहिली. तू मला शिकवलंस तसंच शिकवते, फक्त कान पिळत नाही. आकडे शिकवायला त्यांना लेण्याद्रीला नेलं आणि गणपतीच्या पायऱ्या मोजायला लावल्या. अकरा मुलींचे अकरा आकडे आले. तुझ्या अमेरिकेच्या थाटात मी हात वर करायला सांगितले, तर चंपाने चिक्कीचं आमिष दाखवून सहा हात गोळा केले आणि तिचा आकडा जिंकला. मग आम्ही पुन्हा खाली उतरून नीट मोजल्या. चंपा सतरा पायऱ्यांनी चुकली होती.

पर्युषणापर्यंत सगळं गोड होतं. मग न्यातीत कुजबुज सुरू झाली. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी विधवा आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मास्तरीण, हा क्रम पंचांना पसंत नाही. पारसमलजी स्वतः ओट्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सुंदर, तू गुणाची हायेस. पर विधवा बाईनं वर्ग चालवायचा हे आपल्यात कधी झालं न्हाई." मी म्हटलं, "काका, चातुर्मासभर महासतीजी पाटावर बसून तुम्हाला उपदेश करत होत्या आणि तुम्ही खाली बसून ऐकत होता. त्या बाईच ना?" ते म्हणाले, "त्यांनी संसार सोडलाय." मी म्हटलं, "मला तर संसारानेच सोडलंय." ते जोडे घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी स्थानकात, महासतीजी उतरतात तिथेच, पंच बसले. वर्ग बंद करायचा ठराव निघाला. पण आपला रिवाज तुला ठाऊकच आहे. न्यातीच्या ठरावाला जुन्नरच्या बत्तीसही घरांची सुपारी ताटात पडावी लागते. एका घराची राहिली तरी ठराव पडला. एकतीस पडल्या. बत्तिसावं घर आपलं. वडील गेल्यावर घरची सुपारी तुझी, आणि तुला तर समुद्र ओलांडायला निघालास म्हणून दोन वर्षांमागे पंगतीतून उठवलेलं. लोक म्हणाले, त्याची कशाला हवी? पारसमलजी नियमाचे पक्के. म्हणाले, "पोरगा भायेर टाकलाय, घर न्हाई टाकलं. त्याची सुपारी पायजेच." म्हणजे बघ, पंगतीला तू चालत नाहीस, सुपारीला चालतोस.

तेव्हा त्यांनी तुला पत्र लिहून लाखबंद केलं. मग कळलं की इंग्रजी पत्ता लिहिता येणारं न्यातीत कुणीच नाही. शेवटी पाकीट माझ्याकडेच आलं! बंद पाडायच्या वर्गातली पाटी बाजूला सारून मी ते मांडीवर घेतलं आणि तुझा पत्ता वळणदार काढून दिला. आत काय आहे ते मला माहीत नाही. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानेच उघडायचं. तुझं उत्तर येईपर्यंत वर्ग चालू ठेवायची परवानगी आहे. टपालाला तीन महिने लागतात, तेवढ्यात मुली बाराखडी संपवतील.

इंदर, हा वर्ग गेला तर मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून जप करत बसायचं आहे. तुझी सुपारी ताटात ठेवू नकोस. एवढंच मागते.

तुझी,
जिजी


बर्कली
२२ जानेवारी १९१२

ती. जिजीस सा. न.

तुझी शंका मास्तरांना विचारली. वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत. म्हणाले, आमच्या देशाचा सगळा पेच या बाईने एका डब्यात बसवला. शेजारच्या नेवाडा राज्याची हद्द ओलांडली की त्या बाईचं मत संपलं, परत आली की पुन्हा आहे. प्रत्येक राज्य आपापल्या घरात धनी. मात्र हद्द ओलांडायला कुणाला बंदी नाही. एका राज्याचा कायदा जाचला तर गाठोडं उचलावं आणि दुसऱ्यात जावं.

मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. घटनेतले ते हक्क फक्त वरच्या सरकारला बांधतात असं आता कळलं. एखाद्या राज्यानेच तोंड दाबलं तर त्या राज्याच्या स्वतःच्या कायद्यात काय आहे ते पाहायचं. हे मला आधी माहीत नव्हतं. आणि हो, येत्या काही दिवसांत या शेहेचाळिसांच्या घरात आणखी एक राज्य यायचं आहे. ह्या महिन्यात एक आलंच.

पंचांचं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी आनंद झाला. उत्तर लिहिलं आहे. ते वेगळ्या बंद पाकिटात याच्यासोबत आहे, पारसमलजींच्या हाती दे. तू उघडू नकोस.

प्रकृतीला जप. वर्गाचं जसं होईल तसं होईल, फार मनाला लावून घेऊ नये. इथे थंडी आहे.

इंदरचंद


बर्कली
५ फेब्रुवारी १९१२

जिजी,

हे पत्र आधीच्या पत्राच्या पुढे पळावं असं मला वाटतंय. बोटी तसं करत नाहीत.

त्या पाकिटात माझी संमती आहे. एकच ओळ आहे: "आमच्या घरची सुपारी ताटात ठेवावी." पंचांनी लिहिलं होतं की वर्ग बंद करायला सुपारी दे, मग समुद्राचं प्रायश्चित्त एका उपासावर भागवू आणि परत आलास की पंगतीत घेऊ. नाहीतर जन्मभर बाहेर. मी आठ दिवस ते पत्र उशाशी ठेवलं आणि मग सही केली.

का केली ते सांगायचं तर खोलीपासून सांगायला हवं. खोली हवेशीर नाही. चार घरमालकांनी माझा रंग पाहून दार लावलं, पाचव्याने कपडे धुण्याच्या दुकानामागची जागा दिली, तिथे दिवसभर वाफ असते. न्हाव्याने खुर्चीत बसलेल्या मला उठवलं. खानावळीत मी ज्या टेबलापाशी बसतो तिथले लोक आपापल्या बशा उचलून दुसरीकडे जातात. कुणी वाईट बोलत नाही, फक्त उठतात. तिकडच्या पंगतीतून उठवलेला मी इकडे येऊन पुन्हा पंगतीबाहेरच बसलो. वाटलं, एका तरी पंगतीत शेजारी माणूस असावा. एवढ्यासाठी तुझे अकरा जीव विकले. त्याच आठवड्यात नागरिकांच्या हक्कांवर मी लिहिलेल्या निबंधाला वर्गात शाबासकी मिळाली, हे तुला हसायला म्हणून सांगतो.

पाकीट अजून तुझ्याजवळ असेल तर फाड. चुलीत घाल. ज्याचं पत्र त्याने उघडायचं वगैरे मीच शिकवलं, ते विसरून जा.

इंदर


महाळुंगे पडवळ, पेटा आंबेगाव
१९ मार्च १९१२

चि. इंदरचंद यास आशीर्वाद.

पत्ता बदललेला पाहून चमकला असशील. क्रमाने सांगते.

तुझी दोन्ही पाकिटं आली. पंचांचं पातळ होतं. तेव्हाच मला कळलं. नकार द्यायचा असता तर तू चार पानं खरडली असतीस, दोन दाखले दिले असतेस आणि तळटीपही लिहिली असतीस. होकाराला एक ओळ पुरते. आईलाही संशय आला. तिने पापडखाराचं निमित्त करून चुलीवर आधण ठेवलं आणि मला म्हणाली, "जरा वाफेवर धर की. डिंक सुटला तर आपला काय दोष?" मी म्हटलं, "नाव पारसमलजींचं आहे." ती म्हणाली, "अमेरिकेनं तुझी अक्कल नेली." तरी मी पाकीट तसंच नेऊन दिलं. मला मोह झाला नाही असं नाही. स्थानकाच्या पायरीपर्यंत झाला.

बैठकीला आम्ही दोघी आतल्या दाराशी बसलो. पारसमलजींनी पाकीट फोडलं, तुझी ओळ मोठ्याने वाचली आणि कागद उलटून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं. मला वाटतं, त्यांना ठराव हवा होता, पण तुझ्या हातून नको होता. मग तुझ्या वतीने त्यांनीच आपल्या घरची सुपारी ताटात ठेवली. आई उठून तरातरा पुढे गेली, कागद ओढून घेतला आणि म्हणाली, "हे माझ्या इंदरचं अक्षर न्हाई!" तिला वाचता येत नाही हे ती विसरली. तिला हाताला धरून मागे आणताना मला तुझा फार राग आला, इंदर. वर्गापेक्षा त्याचा जास्त आला.

मग मी दारातून एकच विचारलं, "काका, हा ठराव कुठवर लागू?" पारसमलजी ताठ बसले. अशा प्रश्नांना ते फार खूश असतात. म्हणाले, "जुन्नरच्या वेशीपर्यंत. म्होरं मंचरचे पंच मुखत्यार. आमी दुसऱ्याच्या कारभारात हात घालत न्हाई." मी म्हटलं, "बरं."

तिसऱ्या दिवशी गाडी जोडून मी आणि आई मंचरला भंवरलालजींच्या दुकानात. ते तिथल्या पंचांचे प्रमुख. मी काय काय युक्तिवाद पाठ करून गेले होते! महासतीजी, घटना, कॅलिफोर्नियाच्या बायका. त्यांनी काहीच ऐकलं नाही. एवढंच विचारलं, "जुन्नरवाल्यांनी बंद केलं म्हणता?" मी हो म्हटलं. "मग आमी चालवणार! पर्युषणाच्या पारण्याला त्यांनी आमच्या लोकांना शेवटच्या पंगतीला बसवलं व्हतं. इसरलो न्हाई आमी." आणि वर एक सतरंजी दिली. तुझ्या मास्तरांना सांग, शेजारच्या राज्याचा हेवा हेसुद्धा घटनेत कुठेतरी लिहायला हवं.

मंचरात जागा मिळेना, तेव्हा आईची बाजारातली मैत्रीण साळुबाई आठवली. दर आठवड्याला मिरच्या घेऊन यायची, तीच. तिचं घर इथे महाळुंग्यात, मंचरच्याच हद्दीत. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आवं बाई, पोरींना शिकवायला येस वलांडावी लागती व्हय? आमचा गोठा हाय की. बैलं बांधू भायेर, त्यास्नी कुठं लिवायचंय!" तिच्या नवऱ्याने, कुंडलिकभाऊंनी, त्याच दिवशी गोठा सारवून दिला. बैलांनी मात्र दोन दिवस दारातून आत डोकं घालून वर्गाची पाहणी केली.

गावातल्या नऊ मुली येतात. आणखी मजा सांगते. जुन्नरच्या चार मुलींना एकाएकी मामाची आठवण झाली. चौघींचे मामा मंचरच्या आसपास निघाले. चंपा त्यात आहेच. पारसमलजींनी स्वतः तिला गाडीत बसवून दिलं आणि गाडी कुठे जाते ते विचारलं नाही.

असा माझा वर्ग चाललाय. पण तो माझ्या गावात, माझ्या ओट्यावर नाही. ज्याने मला पहिली पाटी आणून दिली त्याने तो उठवला. याहून जास्त आज लिहीत नाही.

जिजी


बर्कली
२ मे १९१२

जिजी,

तुझं पत्र वाचलं आणि खानावळीत न जाता दुकानामागे बसून राहिलो. आईने कागद ओढून घेतला, ते वाचून पुढचं काही दिसेना.

फेब्रुवारीत मी तुला सगळं कबूल करून लिहिलं होतं, ते एव्हाना मिळालं असेल. पण तुला कबूल करणं सोपं होतं. ते पंचांना कबूल करायला हवं, हे तुझ्या पत्राने कळलं. म्हणून या टपालाने पारसमलजींना थेट दोन कागद पाठवतोय. पत्ता मीच लिहिलाय, तुझ्यावर ओझं नाही. पाकीट जाड आहे.

पहिल्या कागदात मी दिलेली सुपारी परत घेतो. पंगतीच्या लोभाने ती दिली, असं स्वच्छ लिहिलंय. याचा अर्थ मी कायमचा बाहेर, हे मला समजतं. दुसरा कागद इथल्या नोटरीचा शिक्का मारून केलेला मुखत्यारनामा आहे. आजपासून आपल्या घरची सुपारी सुंदरबाईची. मी परत आलो तरीही तिचीच.

त्या मंगळवारी इथल्या पुरुषांनी बायकांना मत दिलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यांच्या घरचं होतं, वाजवायला काय जातं? आपल्या घरचं द्यायला मला सात महिने लागले.

डिसेंबरात परीक्षा संपते. पुढचं काही ठरवलेलं नाही. न्यात नसली तरी तुम्ही दोघी आहात का, एवढं कळव. मागायला तोंड नाही, तरी मागतो. चुकलो.

इंदर


जुन्नर
२८ जून १९१२

चि. इंदर यास जिजीचे आणि आईचे आशीर्वाद.

पुन्हा जुन्नरचा पत्ता पाहून घाबरू नकोस, सांगते.

तुझे कागद घेऊन पारसमलजी स्वतः बैलगाडीने महाळुंग्याला आले. धुळीने पांढरे झाले होते. गोठ्याच्या दारात त्यांनी आधी चंपाला पाहिलं, चंपाने त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं. मग खाटेवर बसून म्हणाले, "सुंदर, तीन दिस जुन्या वह्या उलगडतोय. दिलेली सुपारी दिवाळीला नवी वही होईपर्यंत परत घेता येती, असं तुझ्या आज्यानंच लिहून ठेवलंय. म्हंजी ठराव पडला." मी म्हटलं, "आणि दुसरा कागद?" त्यांनी पागोटं काढून डोकं खाजवलं. "बाईनं सुपारी टाकू नये असं वहीत कुठंच लिवलेलं न्हाई गं. कुणाला सुचलंच नव्हतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. नियमाच्या माणसाशी भांडायला मला म्हणूनच आवडतं.

तेव्हा आपल्या ओट्यावर वर्ग परत भरतोय. साळुबाई मात्र मला सोडायला तयार नव्हती. गाडीसमोर उभी राहिली. "जुन्नरच्या पोरी शिकणार, मग आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय?" मी तिला शब्द दिला, पंधरा दिवस इथे आणि पंधरा दिवस तिथे. बैलांनाही आता सवय झालीय.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मला मार्चअखेर मिळालं होतं, गोठ्यात. तोवर माझं रागाचं पत्र बोटीत बसलेलं होतं. त्यानंतर मी तुला तीन महिने लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. तुझ्या शेजारचे लोक बशा उचलून जातात हे वाचून मी साळुबाईच्या गळ्यात पडून रडले. आणि डोळे पुसल्यावर पुन्हा राग आला. दोन्ही खरं आहे. मला तुझी दया येते म्हणून मी तुला माफ करावं, असं मला करायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा स्थानकात बैठक झाली. पारसमलजींनीच विषय काढला. म्हणाले, "पदरात पडत असलेली पंगत ज्यानं सोडली, त्याला भायेर ठेवणं आपल्याला शोभत न्हाई. इंदरचंदला न्यातीत घ्यावं." ताट फिरलं. एकतीस सुपाऱ्या पडल्या, मी दारातून एकेक मोजली. मग पारसमलजी स्वतः ताट घेऊन उठले आणि आम्ही बसलो होतो त्या आतल्या दाराशी आले. माझ्यापुढे ताट धरलं. असं याआधी इथे कधी घडलं नव्हतं. सगळे पुरुष माना वळवून बघत होते. आई कोपराने ढोसत होती, "टाक. टाक लवकर."

मी म्हटलं, "आमच्या घरची सुपारी आज नाही."

आईने माझा पदर ओढला. पारसमलजी म्हणाले, "अगं, सख्खा भाऊ तुझा!" मी म्हटलं, "म्हणूनच." ते हळूच हसले. ताटावर उपरणं झाकून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, ठराव पडला नाही, थांबलाय.

आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण तुझ्यासाठी मूगवड्या घालायला लागलीय. तुम्ही दोघी आहात का असं विचारतोस. आहोत. कायद्याने, रिवाजाने, रागाने, सगळ्या बाजूंनी आहोत. परीक्षा संपव आणि ये. माझ्यासमोर बस, काय केलंस ते कागदावर नाही, तोंडाने सांग. बत्तिसावी सुपारी माझ्या कनवटीला आहे, इंदर, आणि ती मी टपालाने पाठवणार नाही.

तुझी,
जिजी